सामान पुढे, आपण मागे: परदेशी जाताना बॅगा आधी पाठवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशी जाताना काही बॅगा विमानात न नेता कुरिअरने, कार्गोने किंवा जहाजाने पुढे रवाना करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. देशोदेशीचे फॉर्म बदलत राहतात, म्हणून भरायच्या आधी त्या देशाच्या कस्टम्सच्या संकेतस्थळावरून ताजी प्रत घ्या.

१. आधी पाठवलेली बॅग आणि विमानात चेक-इन केलेली बॅग, यात फरक काय? बॅग तर तीच आहे.

बॅग तीच, पण तिच्याकडे बघणारे सगळे बदलतात. चेक-इन केलेली बॅग तुमच्या तिकिटाला जोडलेली असते. तुम्ही उतरता, ती उतरते आणि कस्टम्ससमोर तुम्ही दोघं एकत्र उभे राहता. पुढे पाठवलेल्या बॅगेवर एअरवे बिल किंवा जहाजाचं बिल ऑफ लेडिंग, म्हणजे मालवाहतुकीचा कागद, लागतो आणि ती कार्गो ठरते. मग प्रवाशाला मिळणारी ड्युटीची (आयात शुल्काची) सूट आपोआप मिळत नाही (प्रश्न ८), आत काय ठेवता येतं याचे नियम कडक होतात (प्रश्न १२) आणि हरवली तर भरपाईचा हिशेबही वेगळा लागतो (प्रश्न १८). कस्टम्सच्या भाषेत हे अनअकम्पनीड बॅगेज, म्हणजे मालकासोबत न येणारं सामान. पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच आहे: लोक बॅग भरतात प्रवासी म्हणून आणि पाठवतात मालवाहतुकीने.

२. एवढ्या भानगडीपेक्षा विमानातच एक जादा बॅग घेतली तर?

एक किंवा दोनच बॅगा जास्त असतील तर तेच करा. जादा बॅगेचे पैसे ऐकून लोक दचकतात, पण कुरिअरचं बिल, कस्टम्सचा एजंट आणि धावपळ जमेस धरली तर विमानातली बॅग बहुतेक वेळा परवडते. शिवाय ती तुमच्यासोबत येते. हे पैसे विमानतळावर भरण्यापेक्षा आधी ऑनलाइन भरले तर बऱ्याच कंपन्यांकडे दर कमी असतो.

फक्त एका बॅगेचं वजन ३२ किलोच्या पुढे जाता कामा नये. त्यापेक्षा जड नग बहुतेक कंपन्या चेक-इनला घेतच नाहीत, कारण तो उचलणारी माणसं असतात. सामान पुढे पाठवण्यात खरा अर्थ आहे तो घर हलवताना, शिकायला जाताना, सायकल किंवा स्कीइंगच्या साहित्यासारखे अवजड नग असताना, किंवा वाटेत तीन-चार ठिकाणी थांबत जायचं असताना.

३. कुरिअर, एअर कार्गो, जहाज की पोस्ट?

एक-दोन बॅगा आणि घाई असेल तर कुरिअर. घरून उचलतात, घरी पोचवतात, कस्टम्सचं काम तेच करतात. पाच-सहा बॅगांच्या पुढे एअर कार्गोचा विचार करा: किलोमागे दर उतरतो, पण माल विमानतळावरून सोडवायचं काम तुमच्याकडे किंवा तुमच्या एजंटकडे येतं. महिने-दोन महिने ज्याच्यावाचून अडणार नाही ते जहाजाने. तिथे आकार घनमीटरवर मोजतात आणि कंटेनरमध्ये जागा वाटून घेतली तरी बहुतेक ठिकाणी किमान एका घनमीटरचे पैसे द्यावे लागतात. मोठ्या आठ सुटकेस मिळून साधारण एक घनमीटर होतो. दोनच बॅगा जहाजाने पाठवण्यात म्हणूनच काही हशील नाही.

पोस्टाचं पार्सल अजूनही उपयोगी आहे, पण वजनाची मर्यादा बहुतेक मार्गांवर २० किंवा ३० किलो असते आणि सोबत सीएन२३ हा कस्टम्सचा फॉर्म लागतो. नुसती पुस्तकं असतील तर तुमच्या पोस्टात एम-बॅगची चौकशी करा. एकाच पत्त्यावर जाणाऱ्या छापील मजकुराची ही वेगळी थैली असते. अनेक देशांचं पोस्ट ती देतं आणि अभ्यासक मंडळी सोडली तर फारसं कुणाला ते माहीत नसतं.

४. बॅग काट्यावर १४ किलो भरली आणि बिल २४ किलोचं आलं. फसवणूक झाली का?

नाही, तुम्ही जागेचे पैसे दिलेत. विमानात वजनाइतकीच जागाही मोलाची, म्हणून लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून त्याला ५,००० ने भागतात. आलेला आकडा आणि काट्यावरचं वजन, यांतलं जे जास्त त्यावर बिल. ७५ × ५० × ३२ सेंटीमीटरची सुटकेस घ्या: १,२०,००० घनसेंटीमीटर, म्हणजे २४ किलो. आत उशा भरल्या काय आणि पुस्तकं भरली काय, २४ च्या खाली बिल येणार नाही. एअर कार्गोत बहुधा ६,००० ने भागतात, तिथे हीच बॅग २० किलोची होते.

मोजताना चाकं आणि वर आलेला हँडलही धरतात. फुगलेली बाहेरची खिशं तर सर्रास महागात पडतात. कुरिअरवाला यायच्या आधी मोजपट्टी घेऊन स्वतः मोजा, फोटो काढून ठेवा. नंतर वाद घालायचा तर तोच पुरावा.

५. किती दिवस आधी पाठवू?

मोठ्या शहरांमध्ये एक्स्प्रेस कुरिअरला साधारण तीन ते सात दिवस, एअर कार्गोला सोडवणुकीसकट एक ते दोन आठवडे, जहाजाला दारापासून दारापर्यंत सहा ते बारा आठवडे. पण "लवकर पाठवलेलं बरं" हा विचार इथे अंगाशी येतो. बऱ्याच देशांत मालक देशात दाखल झाल्याशिवाय त्याचं सामान सूट देऊन सोडत नाहीत. बॅग तुमच्या आधी पोचली की गोदामात बसून राहते, फुकटचे मोजके दिवस संपले की रोजचं भाडं चढायला लागतं.

घर हलवत असाल तर बॅग तुमच्या मागोमाग दोन-तीन दिवसांनी पोचेल असं बघा. पहिल्या आठवड्यात लागणारी एकही वस्तू तिच्यात ठेवू नका. हॉटेलवर पाठवायची असेल तर प्रश्न १६ पाहा.

६. कागद कोणकोणते लागतात?

पासपोर्टची प्रत, व्हिसा किंवा राहण्याचा परवाना, तिकीट किंवा बोर्डिंग पास, जिथे जाताय तिथला पत्ता आणि चालू असलेला फोन नंबर, सामानाची यादी आणि त्या देशाचा फॉर्म. नोकरीचं पत्र किंवा विद्यापीठाचं प्रवेशपत्र असेल तर तेही जोडा. एजंट काम करणार असेल तर त्याला अधिकारपत्र द्यावं लागतं.

नाव सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच हवं. फोन नंबरकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि बॅग सर्वांत जास्त तिथेच अडकते: जुनं सिमकार्ड बंद, नवं अजून घेतलेलं नाही आणि कस्टम्सची चौकशी उत्तराविना पडून.

७. यादीत "वापरलेलं घरगुती सामान" एवढंच लिहिलं तर चालतं का?

चालत नाही. तेवढं वाचून अधिकाऱ्याला काही कळत नाही आणि कळलं नाही की तो बॅग उघडतो. "सुती शर्ट, वापरलेले, ८ नग", "चामड्याचे बूट, वापरलेले, २ जोड", असं लिहा आणि प्रत्येकासमोर आजची किंमत टाका. विकत घेतलं तेव्हाची नव्हे, आज जुन्यात विकलं तर येईल ती. शून्य किंमत कुठेही लिहू नका, कित्येक ठिकाणी फॉर्म तिथेच परत येतो. मुद्दाम कमी लिहिलीत तर विम्याची भरपाईही तेवढीच कमी मिळेल. प्रत्येक खोक्याला क्रमांक द्या आणि यादी त्या क्रमांकानुसार करा.

नव्या, लेबल न काढलेल्या वस्तू वेगळ्या दाखवा. वापरलेल्या कपड्यांत एक नवा कोट सापडला की उरलेल्या यादीवरचा विश्वासही उडतो.

८. सगळं माझंच, जुनंच आहे. तरी ड्युटी लागेल?

राहायला जात असाल तर बहुतेक देशांत सूट आहे, पण ती मागावी लागते आणि वस्तू किती काळ तुमची होती हे दाखवावं लागतं. ही मुदत देशागणिक वेगळी आहे.

अमेरिकेत निदान एक वर्ष परदेशात वापरलेलं घरगुती सामान ड्युटीशिवाय येतं आणि त्यासाठी फॉर्म ३२९९ भरतात. ते वर्ष सलग किंवा अगदी येण्याआधीचंच असण्याची अट नाही. ब्रिटनमध्ये टीओआर१ हा अर्ज करून मंजुरीचा क्रमांक मिळवावा लागतो. त्याआधी सलग १२ महिने ब्रिटनबाहेर राहिलेलं असावं, सामान निदान सहा महिने तुमच्या वापरात असावं. युरोपीय संघाचा २००९ चा नियम क्रमांक ११८६ जवळजवळ हेच सांगतो आणि सामान तिथे वास्तव्य सुरू केल्यापासून १२ महिन्यांच्या आत आणायला लावतो. ऑस्ट्रेलिया १२ महिन्यांची मालकी आणि वापर मागते, फॉर्म बी५३४.

सूट घेतल्यावरही एक अट मागे राहते. ब्रिटन आणि युरोपीय संघात असं आणलेलं सामान १२ महिने विकता, भाड्याने देता किंवा उसनं देता येत नाही. दारू आणि तंबाखू या सवलतीत बसत नाहीत.

"किंमत थोडी आहे, तशीच सुटेल" या भरवशावर आता राहू नका. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या मालाची व्हॅटमाफी १ जुलै २०२१ पासून काढली आणि अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली. वापरलेल्या घरगुती सामानाची सूट ही त्याहून वेगळी तरतूद आहे. तीच मागा आणि तीच कागदावर दिसू द्या.

९. बॅग मागून येणार आहे. मग विमानतळावर मी हिरव्या वाटेने (कस्टम्सला दाखवण्यासारखं काही नसलेल्यांच्या) सरळ बाहेर पडू ना?

थांबा. काही देशांत ही एक चूक पुढची सगळी सूट घालवते.

जपानमध्ये उतरतानाच सी-५३६० हा फॉर्म दोन प्रतींत द्यावा लागतो. कस्टम्स त्यातली एक प्रत शिक्का मारून परत देतं. मागून येणारं सामान सोडवायला तोच कागद लागतो, म्हणून पासपोर्टइतकाच जपा. सामान तुम्ही देशात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत यायला हवं. शिवाय सोबतचं आणि मागून येणारं मिळून ड्युटीमाफीची एकच मर्यादा धरली जाते, दोन नाहीत.

कॅनडात राहायला जाणाऱ्यांनी पहिल्यांदा देशात पाऊल ठेवतानाच मागून येणाऱ्या वस्तूंची यादी द्यायची असते, त्या दिवशी हातात एकही बॅग नसली तरी. फॉर्म बीएसएफ१८६. ती यादी दिली नाही तर पुढे येणारं सामान साध्या आयातीसारखं मोजलं जाऊ शकतं. आयत्या वेळी आठवून यादी होत नाही, ती निघण्याआधीच करून दोन छापील प्रती हातातल्या बॅगेत ठेवा.

इतर देशांतही अधिकाऱ्याला "माझं सामान मागून येतंय" हे सांगून शिक्का किंवा पोच मागायला काही बिघडत नाही. पाच मिनिटं जातात, एवढंच.

१०. मी राहायला नाही, महिनाभर फिरायला चाललोय. मला प्रश्न ८ मधले फॉर्म भरायचे का?

नाही, ते स्थलांतर करणाऱ्यांचे. फिरायला आलेल्याचं स्वतःचं सामान तात्पुरतं आत येतं आणि त्याच्यासोबत परत जातं, म्हणून त्यावर ड्युटी घ्यायची नाही असं जगभर मान्य आहे. तात्पुरत्या आयातीवरच्या १९९० च्या इस्तंबूल कराराचं बी.६ हे परिशिष्ट प्रवाशांच्या वस्तूंबद्दल आणि खेळाच्या साहित्याबद्दलच आहे. अडचण अशी की कुरिअरचा कारकून सवयीने साधी आयात म्हणून कागद भरतो. माल तात्पुरता येतोय आणि परत जाणार आहे, हे बुकिंगच्या वेळीच लेखी सांगा.

परतीचाही विचार आताच करा. स्वतःची वस्तू मायदेशी परत येतानाही कस्टम्ससाठी ती आयातच असते. ती आधी इथूनच गेली होती याचा पुरावा म्हणून निर्यातीचे कागद, खरेदीच्या पावत्या, यंत्रांचे सीरियल नंबर आणि फोटो जपून ठेवा. ब्रिटन आणि युरोपीय संघ अशा परत येणाऱ्या वस्तूंना साधारणपणे तीन वर्षांच्या आत आल्या तर सूट देतात.

कॅमेरे, वाद्यं, प्रदर्शनाचं साहित्य असं व्यवसायाचं सामान असेल तर एटीए कार्नेट घ्या, म्हणजे ड्युटी न भरता माल तात्पुरता आत-बाहेर नेण्याचा दाखला. व्यापारी संघटना ते देतात, एक वर्षापर्यंत चालतं आणि प्रत्येक सीमेवर त्यावर शिक्का घ्यावाच लागतो. एक शिक्का राहिला तर नंतर ड्युटीची नोटीस येते.

११. युरोपातल्या युरोपात पाठवतोय, शेंगेन आहे. मग कस्टम्सचा प्रश्नच नाही ना?

शेंगेन, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांचा गट, माणसांसाठी आहे, सामानासाठी नाही. बॅगेच्या बाबतीत युरोपीय संघाची कस्टम्स युनियन बघायची, म्हणजे ज्याच्या आत मालावर कस्टम्स लागत नाही ते क्षेत्र. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे शेंगेनमध्ये आहेत, कस्टम्स युनियनमध्ये नाहीत, तेव्हा तिथे कागद लागतात. आयर्लंडचं उलटं: शेंगेनबाहेर, पण कस्टम्स युनियनच्या आत. ब्रिटन आणि संघ यांच्यात १ जानेवारी २०२१ पासून घोषणापत्र लागतं. कॅनरी बेटं स्पेनची आणि कस्टम्स युनियनमधलीच, पण व्हॅटच्या क्षेत्राबाहेर असल्याने तिथेही फॉर्म सुटत नाही.

१२. बॅगेत काय अजिबात ठेवू नये?

विमानात चेक-इनला चालतं ते कार्गोत चालेलच असं नाही. प्रवासी आपल्या बॅगेत परफ्यूम, डिओडरंट, नेलपॉलिश अशा वस्तू ठरावीक प्रमाणात, एकूण दोन किलो किंवा दोन लिटरपर्यंत नेऊ शकतो. हीच मुभा कार्गोला नाही. कुरिअरच्या दृष्टीने परफ्यूमची बाटली म्हणजे ज्वलनशील द्रव आणि न सांगता पाठवलेला धोकादायक माल. स्कॅनरमध्ये दिसली की अख्खी बॅग बाजूला पडते.

पॉवर बँक कशातच ठेवू नका: ना पुढे पाठवायच्या बॅगेत, ना चेक-इनच्या बॅगेत, फक्त हातातल्या पिशवीत. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून कार्गो म्हणून नेण्यावर १ एप्रिल २०१६ पासून जगभर बंदी आहे. लायटर, काडेपेट्या, कॅम्पिंगचे गॅसचे डबे, रंग, ब्लीच हेही नाही.

दुसरा गट कायद्याचा. मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ, बिया, रोपं, माती यांना बऱ्याच देशांत मज्जाव आहे. बाहेरच्या देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ खासगीरीत्या आणायला युरोपीय संघाची सर्वसाधारण बंदी आहे. औषधं नेहमी सोबत ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. एका देशात सहज मिळणारी सर्दीची गोळी दुसऱ्या देशात नियंत्रित औषध असू शकते आणि तिथे समजावून सांगायला बॅगेपाशी तुम्ही नसता.

तिसरा गट अकलेचा: पासपोर्ट, पदव्यांची मूळ प्रमाणपत्रं, दागिने, रोख रक्कम, किल्ल्या. बहुतेक कुरिअर कंपन्यांच्या अटींत यातल्या बऱ्याच वस्तूंना मनाई असते आणि भरपाई तर नसतेच.

१३. लॅपटॉप पाठवता येईल का? आणि बॅगेत ट्रॅकर ठेवू का?

यंत्रात बसवलेली बॅटरी ही सुट्या बॅटरीपेक्षा वेगळी धरतात, म्हणून काही कुरिअर लॅपटॉप घेतात. तो पूर्ण बंद हवा, स्लीप मोडवर नको. तरी आमचा सल्ला: हातात न्या. ट्रॅकरमधली नाण्याएवढी बॅटरी लहान असली तरी लिथियमचीच, तेव्हा कुरिअरला आधी विचारा. परवानगी असेल तर जरूर ठेवा. कंपनीच्या ट्रॅकिंगवर बॅग "वाटेत" दिसत असते, तेव्हा ती नेमकी कोणत्या गोदामात बसली आहे हे त्यामुळे कळतं. इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी मात्र विसरा.

१४. लाकडी पेटी आणि सायकल पाठवायची आहे. वेगळं काही?

पेटी जाड लाकडाची असेल तर त्यावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का हवा, गव्हाच्या ओंबीच्या चित्राचा. लाकडातून कीड पसरू नये म्हणून ते गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटं तापवतात. प्लायवूडला ही अट नाही, म्हणून शिक्का मिळत नसेल तर प्लायवूडची पेटी करून घ्या.

सायकल, तंबू, ट्रेकिंगचे बूट, गोल्फच्या काठ्या यांच्यावरची माती अक्षरशः टूथब्रशने काढा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे अधिकारी बुटांच्या तळव्याच्या खाचाही बघतात. माती सापडली तर सफाईचं बिल तुम्हाला येतं.

१५. सुटकेस पाठवू की खोकं? कुलूप लावू का?

खोकं. दुहेरी थराचं, मजबूत पुठ्ठ्याचं. सुटकेसची चाकं आणि हँडल मोडले तर कुरिअर कंपन्या "झीज" म्हणून हात वर करतात. सुटकेसच पाठवायची असेल तर ती खोक्यात घाला किंवा पूर्ण गुंडाळा. कुलूप लावलंत तर तपासणीसाठी ते तोडतील, त्यापेक्षा प्लास्टिकची पट्टी बरी. पत्ता आणि फोन लिहिलेला एक कागद आतही ठेवा, बाहेरचं लेबल फाटतं.

१६. हॉटेलवर पाठवली तर ते घेतात का?

बरीच हॉटेलं घेतात, पण आधी विचारून लेखी होकार घ्या. किती दिवस ठेवतील, पैसे घेतील का, ड्युटी मागितली तर भरतील का, हे तिन्ही विचारा. तिसऱ्याचं उत्तर सहसा नाही असंच येतं आणि मग बॅग दारातून परत जाते. म्हणून ड्युटी आणि कर पाठवणारा भरेल असा पर्याय बुकिंगमध्ये निवडा. लेबलवर पाहुण्याचं नाव, बुकिंगचा क्रमांक आणि येण्याची तारीख लिहा. पोचायची तारीख तुमच्या एक दिवस आधीची धरा.

१७. दारापासून दारापर्यंतचे पैसे भरले होते, तरी तिकडे वेगळे पैसे मागतायत.

वाहतुकीचे पैसे आणि सरकारी देणी वेगळी. बंदरावरची हाताळणी, कस्टम्सने करायला लावलेली तपासणी, एजंटची फी, गोदामाचं भाडं हे जहाजाच्या आणि कार्गोच्या कोटेशनमध्ये अनेकदा नसतं. स्वस्त कोटेशन बहुतेकदा फक्त बंदरापर्यंतचं असतं. पैसे भरायच्या आधी एकच प्रश्न ईमेलने विचारा: "तिकडे मला आणखी काय काय भरावं लागेल?" उत्तर टाळणाऱ्याला सामान देऊ नका.

१८. कुरिअर जबाबदार असतोच. मग वेगळा विमा कशाला?

जबाबदार असतो, पण वजनाप्रमाणे. १९९९ च्या माँट्रिअल करारानुसार हवाई कार्गोची भरपाई जास्तीत जास्त २६ एसडीआर प्रतिकिलो आहे (२८ डिसेंबर २०२४ पासून, त्याआधी २२). एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. २० किलोच्या बॅगेला म्हणजे कमाल ५२० एसडीआर. तीच बॅग चेक-इन केली असती तर मर्यादा प्रवाशामागे १,५१९ एसडीआर. एकच बॅग, एकच विमान, आणि फरक जवळजवळ तिपटीचा.

विमा घेताना दोन गोष्टी वाचा. एक, मालकाने स्वतः भरलेल्या खोक्यांना कित्येक पॉलिसी फुटतुटीची भरपाई देतच नाहीत, अख्खं खोकं गेलं तरच देतात. नाजूक वस्तू व्यावसायिक लोकांकडून भरून घ्यायचं खरं कारण हे. दोन, यंत्र बाहेरून धड असून आत बंद पडलं तर तो दोष सहसा विम्याबाहेर असतो.

१९. माझं काहीच हरवलं नाही, तरी जहाज कंपनी म्हणते "जनरल ॲव्हरेज" भरा. हे काय?

समुद्री व्यापाराचा फार जुना नियम. जहाज वाचवण्यासाठी जाणूनबुजून केलेला खर्च किंवा सोसलेलं नुकसान जहाजमालक आणि माल असलेले सगळे जण किमतीच्या प्रमाणात वाटून घेतात. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात अडकलं, तेव्हा मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केलं होतं. हमी दिल्याशिवाय सामान सोडत नाहीत, मग त्यात चार खोकी जुने कपडे का असेनात. सागरी विम्यात हे सहसा धरलेलं असतं, तो असेल तर विमा कंपनीच हमी देते. नसेल तर रोख ठेव तुमच्या खिशातून.

२०. बॅग फुटून आली. तक्रार कधीपर्यंत?

माँट्रिअल करारात कार्गोच्या नुकसानीची लेखी तक्रार १४ दिवसांत, चेक-इन बॅगेची सात दिवसांत, उशीर झाला असेल तर दोन्हीसाठी २१ दिवसांत. कोर्टात जायची मुदत दोन वर्षं. कुरिअर आणि विम्याच्या अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून त्याच दिवशी लिहिलेलं उत्तम. सही करतानाच "खोकं फाटलेलं" असा शेरा मारा. नुसती सही म्हणजे सामान धड मिळाल्याची कबुली. पॅकिंग फेकू नका, पाहणीला तेच मागतात.

२१. तिकीट काढून बॅग चेक-इन करायची आणि आपण पुढच्या विमानाने जायचं, असं करता येईल?

नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं "कनिष्क" विमान आयर्लंडजवळ बॉम्बस्फोटात पडलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब असलेल्या बॅगेचा मालक विमानात चढलाच नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय उड्डाणांत प्रवासी आणि बॅग यांची जुळणी सक्तीची झाली. प्रवासी आला नाही की बॅग उतरवतात, त्यापायी विमानाला उशीर झाला तरी.

२२. विमान कंपनीनेच बॅग मागे ठेवली. आता तीही अनअकम्पनीड का?

ती तुमच्या तिकिटावरचीच बॅग राहते. विमानतळ सोडण्यापूर्वी पीआयआर हा तक्रारीचा अहवाल लिहून घ्या आणि बॅगेत घोषित करण्यासारखं काही असेल तर ते त्याच वेळी कस्टम्सला सांगा. किल्ली लागणार असेल तर तीही विचारा. मुदती प्रश्न २० मध्ये.

२३. मित्राची दोन खोकी माझ्या सामानात टाकू का?

नको. सूट तुमच्या वापरातल्या वस्तूंना आहे आणि आत काय निघेल त्याला सही करणारा जबाबदार. नवरा-बायको वेगवेगळ्या तारखांना जात असतील तर मात्र कुटुंबाचं सामान एकत्र दाखवायची सोय बहुतेक फॉर्ममध्ये असते. कोण कधी येणार ते लिहा.

२४. सामान निघालं आणि व्हिसा नाकारला गेला. आता?

पहिलं काम: एजंटला त्याच दिवशी कळवा आणि माल कस्टम्सच्या ताब्यातून सोडवू नका. एकदा आयात म्हणून सुटला की ड्युटी भरावी लागते आणि ती परत मिळवणं जिकिरीचं. ताब्यात असतानाच तो परत पाठवता येतो, तिसऱ्या देशात वळवता येतो, किंवा तारीख फक्त पुढे गेली असेल तर ड्युटी न भरता ठेवायच्या गोदामात हलवता येतो. चौथा मार्ग सामानावरचा हक्क सोडण्याचा. भाडं सामानाच्या किमतीपुढे गेलं असेल तर कधी कधी तोच शहाणपणाचा, पण त्याआधीची थकबाकी त्याने माफ होत नाही, हे लेखी विचारून घ्या.

तिथल्या नातेवाइकाच्या नावावर बॅग करून सोडवा, असा सल्ला हमखास मिळतो. सूट माणसाला असते, बॅगेला नाही, तेव्हा नाव बदललं की पूर्ण ड्युटी लागू शकते. परत मागवणार असाल तर प्रश्न १० मधले निर्यातीचे कागद काढून ठेवा. मायदेशीही ती बॅग पुन्हा कार्गो म्हणूनच उतरणार आहे.